पोडियमची परवानगी

ईरा, निहार,

आमच्याकडे थंडी आली हे अंगाला कळत नाही, नाकाला कळतं. सकाळी दुधाच्या पिशव्या आत घ्यायला दार उघडलं की जिन्यात तळोज्याच्या कारखान्यांचा वास येऊन उभा असतो. थोडा नेलपॉलिशसारखा, थोडा सडलेल्या कोबीसारखा. उन्हाळ्यात तो वर निघून जातो, पावसाळ्यात धुऊन निघतो, आणि डिसेंबरात हवा जड झाली की जमिनीलगत बसकण मारतो. तुमचा बाबा लहानपणी त्याला ‘कंपनीचा वास’ म्हणायचा आणि ही कंपनी आंघोळ का करत नाही, असं विचारायचा.

परवा तो वास आला आणि त्याच सकाळी गेटमधून मंडपवाल्याचा टेम्पोही आला. लोखंडी पाइप, फळ्या, लाल गालिच्याच्या गुंडाळ्या. या शहरात थंडी फारशी पडत नाही, सत्कार पडतात. डिसेंबर लागला की कोणी ना कोणी कोणाच्या तरी अंगावर शाल टाकत असतं. टेम्पोतून फळ्या उतरताना बघितल्या, आणि गेला सगळा हिवाळा पुन्हा घशाशी आला.

मागच्या आठवड्यात ईराने फोनवर ताटातली भेंडी बघून ‘डिसगस्टिंग’ म्हटलं. आम्हालाही शाळेत तोच एक शब्द शिकवला होता, आणि तो आम्ही भेंडीपासून युद्धापर्यंत सगळीकडे वापरायचो. मराठीत या कामाला बरेच शब्द आहेत. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावली, तेव्हा हे शब्दही लावून देते. किळस डोळ्यांना येते, बेसिनमध्ये अडकलेल्या केसांची. वीट येतो तो तेच तेच झाल्याचा. तिटकारा माणूस ठरवून करू शकतो. शिसारी मात्र आपोआप अंगावर येते, आणि माझा अनुभव असा, की ती बहुतेक वेळा स्वच्छ कपड्यांतल्या, गोड बोलणाऱ्या माणसांमुळे येते. गेल्या हिवाळ्यात मला आली ती शिसारी. हे सगळं इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण माझ्या इंग्रजीत रागाला इस्त्री होते. म्हणून मराठीत. अडलं तर बाबाला विचारा.

तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा लिफ्टमध्ये भेटलेली हर्षाली आठवते ना? निहारला तिने खुर्चीच्या मागे उभं करून पार्किंगभर फिरवलं होतं. ती आमच्या खाली तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचे वडील मूळचे शिरवणे गावचे. हे शहर वसलं तेव्हा त्यांच्या घरची भातशेती शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरने आमची इमारत बांधली, आणि त्यांना तिच्यात राहायला घर मिळालं. म्हणजे इथले मूळचे ते, आणि पुण्यामुंबईहून सामान घेऊन आलेले उपरे आम्ही. पण सोसायटीत बोलताना ‘ते गाववाले’ असं त्यांनाच म्हणतात.

हर्षालीला दोन्ही पाय नाहीत. गुडघ्यांच्या वरूनच नाहीत. कसे गेले ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही. ते तिने मला मैत्रिणीला सांगतात तसं सांगितलं आहे. लिफ्टमध्ये मात्र लोक पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधेच विचारून मोकळे होतात, “कसं गं झालं हे?” जणू भाव विचारताहेत. त्यांच्यासाठी तिची उत्तरं तयार असतात. एका बाईंना ती गंभीरपणे म्हणाली, “काकू, खाडीत मगर व्हती.” दुसऱ्या एकांना, “बँकेत गहाण हायेत. लोन फिटलं की सुटतील.” ते गृहस्थ बँकेतूनच निवृत्त झालेले. ते बराच वेळ विचारात पडले होते.

आमची मैत्री इंग्रजीमुळे झाली. तिच्या खेळाचे नियम इंग्रजीत येतात, आणि तेही वकिली इंग्रजीत. ती ते फोनवर उघडून माझ्याकडे वर यायची. तिच्या खेळात डॉक्टर आधी शरीर तपासतात आणि प्रत्येक खेळाडूला एक वर्ग देतात, म्हणजे सारख्यांची स्पर्धा सारख्यांशी होते. मी तो भाग वाचून दाखवला तेव्हा ती हसली. “म्हणजे तुमच्या लायब्ररीवानी. सांगा आजी, मी कुठल्या कपाटात?” मी चष्मा काढून पुसला. वाचक म्हणून आलेल्या इतक्या मुलांमध्ये असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

ती उन्हाळी खेळही खेळते आणि हिवाळीही. उन्हाळ्यात तिची लांब नाकाची तीन चाकी खुर्ची असते. तीत पुढे वाकून, जाड हातमोज्यांच्या मुठींनी चाकं मारत ती धावते. ‘धावते’ हा तिचा शब्द आहे, म्हणून माझाही. हिवाळ्यात बर्फ. बादलीसारख्या सीटमध्ये स्वतःला पट्ट्यांनी आवळून घ्यायचं, सीटखाली दोन स्की, दोन्ही हातांत काठ्या, आणि खांद्यांच्या जोरावर चढ चढायचा, उतार उतरायचा. तुमच्या शाळेत मुलं करतात तेच, फक्त बसून. सुरुवातीला ती हे उन्हाळ्यातले खांदे मऊ पडू नयेत म्हणून करायची. मग एकदा उत्तरेत शिबिराला जाऊन आली आणि बर्फावर जीव जडला. का, ते तिने मला पोहे खाता खाता सांगितलं. “तिथं मला कोन बगत नाय आजी. सगळेच पडतात. दोन पायवाले पन पायाला काय काय बांधून घेतात आनि तरी पडतात.”

तिची आई, हिराताई, हिला हे प्रेम कळत नाही. “बरफ तर मच्छीच्या पेटीत पन असतो,” ती मला म्हणाली होती. “तेच्यासाटी यवढं लांब कशाला जायाला पाह्यजे?” पण लोकरीचे हातमोजे शोधत वाशीची सगळी दुकानं तीच फिरली. तिथे डिसेंबरात मिळतात ते माकडटोपीसोबत घालायचे पातळ मोजे. ती दुकानदाराला सांगत होती, “पोरीला बरफात हात चालवायचेत,” आणि दुकानदार तिला रबरी हातमोजे दाखवत होता, कोळणी वापरतात तसले.

गेल्या हिवाळ्यात हर्षालीला पाहिजे होती ती एकच गोष्ट. फेब्रुवारीत उत्तरेत निवड चाचणी होती. तीत निवड झाली असती तर बर्फावरच्या स्पर्धेसाठी परदेशी जाता आलं असतं. त्याआधी हातांना सराव हवा. बर्फ नसलेल्या गावात तो सराव चाकांवर करतात. पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधून तिच्या वडिलांनी तसा गाडा करून घेतला होता. जमिनीलगतचा सांगाडा, त्यावर तिची सीट, खाली रबरी चाकं. काठ्या मारत पुढे जायचं. त्याला लागते गुळगुळीत जमीन, थोडा चढउतार आणि वाहनं नसलेली जागा.

ती जागा आमच्या इमारतीतच आहे. पार्किंगच्या डोक्यावर सोसायटीचं जे अंगण आहे, जिथे ईरा पडली होती आणि कुंडीची कड तुटली होती, त्याला सगळे पोडियम म्हणतात. बागेभोवती फरशीची वाट, एका बाजूला हलका चढ. सकाळी दोन तास. एवढंच तिचं मागणं होतं.

कमिटीच्या मीटिंगला मी तिच्याबरोबर गेले. क्लब हाऊसमध्ये बिस्किटांची बशी मध्ये ठेवून सगळे बसले होते.

“हर्षाली इज अवर प्राइड,” चेअरमन म्हणाले. “त्यात प्रश्नच नाही. पण टाइल्सचा विचार करायला पाहिजे.”

“रबरी चाकं हायेत, सर,” हर्षाली म्हणाली. “बाबागाडीची असतात तशीच.”

“आवाज होतो ना पण,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. “सिनियर सिटिझन्सना सकाळी सकाळी त्रास.”

मी म्हटलं, “मी सिनियर सिटिझन आहे. मला त्रास नाही.”

“मॅडम, तुमी एक्सेप्शन आहात.”

“उद्या दुसऱ्याचं पोरगं स्केटिंग मागेल,” कमिटीतलंच कोणी तरी म्हणालं. “मग त्याला काय सांगणार?”

“आणि काही झालं म्हणजे? एवढ्या सगळ्यातून गेलेली मुलगी. आमालाच वाईट वाटेल.”

इथपर्यंत मी ऐकून घेतलं, कारण कमिट्या अशाच बोलतात. मग बी विंगमधल्या एक बाई, ज्या माझ्याकडून दर आठवड्याला मासिकं नेतात, अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू का, राग मानू नकोस हं बाळा. पण सकाळी सकाळी बघवत नाही गं. आम्ही देवाला फुलं तोडायला येतो तेव्हा.”

एकाने बिस्किट उचललं. पोडियमवर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आहे, ती याच कमिटीने लावलेली आहे. मी ते बोलले. सगळे मोठ्याने हसले, जणू मी विनोद करून वातावरण हलकं केलं. मग ठरलं, की विषय जनरल बॉडीत मांडावा. जनरल बॉडी भरते गणपतीनंतर. तोवर हिमालयातला बर्फसुद्धा वितळून खाडीला मिळाला असता.

बाहेर आल्यावर हर्षाली म्हणाली, “ती बाई खरं बोलली. बाकीचे टाइल्स टाइल्स करत व्हते.”

मग सराव शिरवण्याच्या पुढे कारखान्यांच्या गल्ल्यांमध्ये सुरू झाला. उजाडल्यावर, ट्रकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. वडील गाडीने सोडायचे आणि कामावर जायचे. हिराताई आणि मी फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून थर्मासमधला चहा पीत बसायचो. तुमच्या आजीचं हे चित्र तुमच्या बाबाला पाठवू नका, तो काळजी करेल. शेजारून गटार वाहायचं. त्यातलं पाणी एका दिवशी निळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, आणि त्यावर साबणासारखा फेस. वास असा, की चहाची चव जिभेवर पोहोचायच्या आधीच बिघडायची. मी नाकाला रुमाल लावायची. हर्षालीला तो लावता येत नव्हता. दोन्ही हातांत काठ्या, तोंड उघडं, छाती भात्यासारखी. ते सगळं ती आत ओढत होती. मला वाटायचं, हिची फुप्फुसं या हवेवर काम करताहेत आणि हिला बर्फावर जायचं आहे.

कुत्री गाड्यामागे लागायची. हिराताई दगड उचलून ओरडायची, “जा रं, तुज्या आयला!” आणि मग माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायची. मोटारसायकलवाले हळू व्हायचे आणि फोन काढायचे. एक जण तर मागे मागे येऊन चित्रीकरण करत मोठ्याने सांगत होता, “बघा मित्रांनो, ही ताई! आणि आपण रडतो!” हर्षाली थांबली, घाम पुसला आणि म्हणाली, “भाऊ, तुमी रडा, पन साइडला रडा. माजा राऊंड राह्यलाय.”

आणि एका सकाळी एक गृहस्थ. पायी, हातात डबा, कपाळाला गंध. कुठल्या तरी कारखान्यातले सुपरवायझर असावेत. हर्षाली वळणावर दम खात थांबली होती. ते तिच्यापाशी थांबले, खिशातून दहाची नोट काढली, ती तिच्या मांडीवर ठेवली, नमस्कार केला आणि निघून गेले. जमिनीलगतचा गाडा, चार चाकं, पाय नसलेलं माणूस. त्यांनी आयुष्यात हे दृश्य एकाच अर्थाने पाहिलं होतं.

हिराताई उठून त्यांच्या मागे धावायला निघाली. “आवं, भिकारी नाय ती!” तिचा आवाज फाटला. हर्षालीने हात करून तिला थांबवलं. मग नोट उन्हाकडे धरून, खरी आहे का बघतात तशी बघितली. “आजी,” ती मला म्हणाली, “पहिली प्राइझ मनी.”

मी हसले. घरी येऊन मात्र बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. नोट माझ्या हातात आलीही नव्हती.

तुम्हाला वाटेल, त्या गृहस्थाचा मला राग आला. नाही आला. त्याने दिसलं ते केलं. शिसारी आली ती त्यानंतर, सव्वीस जानेवारीला. कारण सोसायटीत कोणाला काही माहीत नव्हतं, असं कोणी म्हणू शकत नाही.

त्या दिवशी हर्षालीच्या सत्कारासाठी पोडियमवर मंडप घातला होता. होय, त्याच पोडियमवर, त्याच टाइल्सवर लोखंडी खांब रोवून. स्टेजला पाच पायऱ्या, रॅम्प नाही. ज्या मुलीचा सत्कार आहे ती खुर्चीवर फिरते, हे निमंत्रणपत्रिकेतच छापलं होतं. फोटोसुद्धा खुर्चीचाच होता. वेळ आली तेव्हा चार जण पुढे झाले आणि तिला खुर्चीसकट उचललं. विचारलं नाही. कपाट हलवतात तसं, एक जण “डावीकडे, डावीकडे घ्या” करत. एकाने “वजनदार व्यक्तिमत्त्व आहे हां!” असा विनोद केला. हर्षालीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. बर्फावरच्या उतारावर जिला भीती वाटत नाही, तिचा चेहरा तेव्हा मी पाहिला.

प्रमुख पाहुणे म्हणून एक नेते आले होते. निवेदिकेने ‘असूनही’ या शब्दावर भाषण तोललं होतं. अपंग असूनही, मुलगी असूनही, गावातली असूनही. मग शाल. नेत्यांनी ती तिच्या खांद्यांवर टाकली, श्रीफळ दिलं. फोटोग्राफर खालून म्हणाला, “साहेब, शाल जरा खाली घ्या ना. अजून. हां, झाकलं गेलं पाहिजे.” आणि नेत्यांनी, चेअरमननी, दोघांनी मिळून ती शाल तिच्या मांडीवर पसरली, टोकं नीट खोचली, पाहुणे यायच्या आधी गादीवरचा डाग चादरीने झाकतात तशी. फोटो निघाला. फोटोत ती कोणीही असू शकते.

“आता हर्षालीताई दोन शब्द बोलतील.”

तिने माइक घेतला. “मला जास्त काय बोलायचं नाय. मला पोडियम पाहिजे. बास.”

मी खुर्चीत सरसावून बसले. चेअरमनचा चेहरा उतरला, सेक्रेटरीबाई नखं बघू लागल्या. मला वाटलं, आता. आता सगळ्यांसमोर बोलावं लागेल.

नेत्यांनी माइक ओढून घेतला. “बघा! याला म्हणतात जिद्द! पोडियम पाहिजे म्हणते आमची ताई! मिळणार, ताई, मिळणारच! एक नंबरच्या पायरीवर उभी राहणार तू! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

सोसायटीतल्या अंगणाला पोडियम म्हणतात, हे नेत्यांना कुठून माहीत असणार. ते बंगल्यात राहतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पदकं देतात ते पोडियम होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सेक्रेटरीबाई वाजवत होत्या.

“नाय साहेब, ते पोडियम नाय,” हर्षाली म्हणाली, “हे. हे खालचं. सकाळचे दोन तास...” पण माइक आता तिच्याकडे नव्हता. मी उभी राहिले. “ती या जागेबद्दल बोलते आहे!” असं मी ओरडले, कॉलेजात कधी ओरडले नव्हते तेवढ्या मोठ्याने. शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला. “आजी, राष्ट्रगीत आहे.” आणि खरंच सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले. स्टेजवरचेही उभे राहिले, तिच्यापुढे ओळीने, आणि त्यांच्या जाकिटांमागे हर्षाली दिसेनाशी झाली.

फेब्रुवारीत ती उत्तरेत गेली. तिचा फोनवरचा निरोप मी अजून ठेवला आहे. वाऱ्याचा आवाज, आणि मग ती. “आजी, उतारावर मी एक नंबर व्हते. चढावर हात संपले.” बाकी काही नाही. निवड झाली नाही. पोडियम मिळालं असतं तर झाली असती का? मला माहीत नाही, आणि ज्याला पुरावा नाही ते मी लिहीत नाही. पण गल्लीत ट्रक सुरू झाले की सराव आवरता घ्यावा लागायचा, चढ कुठेच नव्हता, आणि चढावर हात संपले, एवढं मी पाहिलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘हार्ड लक बेटा’ आणि जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात.

उन्हाळ्यात ती तीन चाकी खुर्चीत धावली आणि राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं. लगेच गेटवर बॅनर लागला. त्यात नेत्यांचा चेहरा कलिंगडाएवढा आणि तिचा लिंबाएवढा. या वर्षी मात्र तिने पोडियमसाठी अर्ज केला नाही. उत्तरेत प्रशिक्षकांच्या गावी एक खोली घेतली. सगळा हिवाळा तिथेच राहणार, बर्फावर. गेल्या आठवड्यात गेली.

जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, “आजी, पोडियमवर चला. तुमाला गंमत दाखवते.” मी, ती आणि हिराताई गेलो.

सुशोभीकरण स्पर्धेसाठी कमिटीने तिथल्या भिंतीवर चित्र काढून घेतलं आहे. एकतीस डिसेंबरच्या कार्यक्रमात त्याच्यासमोर तिचा सत्कार आहे, तिच्या गैरहजेरीत. टेम्पो त्यासाठीच आला होता. चित्रात एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मैदान, मध्ये विजेत्यांची पायरी, आणि पायरीवर पदक घालून हर्षाली. चेहरा बराच जमला आहे. दोन्ही हात वर. आणि ती उभी आहे. हाफ पँट, गोऱ्या लांब मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पांढरे बूट. बुटांच्या नाड्यासुद्धा नीट बांधलेल्या.

मी बघतच राहिले.

“बगा,” हर्षाली म्हणाली, “पायवालीला लगेच परवानगी.”

मला हसू आलं. हिराताई हसली नाही. ती भिंतीजवळ गेली, चित्राच्या पायरीपाशी खाली बसली आणि त्या पायांकडे बघत राहिली.

“हे कोनाचे पाय?” ती म्हणाली.

“तुज्या पोरीचे,” हर्षाली म्हणाली. “चल आई, बॅग भरायची हाय.”

“नाय.” हिराताईने जमिनीपासून हात वर धरला, फार वर नाही, तिच्या बसल्या खांद्याएवढाच. “तिचे यवढे व्हते. यवढे लांब कदी झालेच नाय.” मग तिने त्या रंगवलेल्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून पदराला पुसलं.

हर्षालीने खुर्ची आईच्या शेजारी आणून उभी केली.

ती गेल्यावर हिराताई माझ्याकडे वर आली. “आजी, तुमी लिवा. तुमचं त्यांना ऐकू जातं.” मी आधी उत्तरेत हर्षालीला फोन लावला, चित्रातले पाय पुसायला सांगू का, असं विचारायला. त्या मुलीला न विचारता खूप जणांनी खूप काही केलं आहे, त्यांत माझी भर नको. ती म्हणाली, “पुसा. पन हात नका पुसू. हात माजेच हायेत.”

मी कमिटीला रीतसर अर्ज केला. विषय : भिंतीवरील चित्रातील पाय पुसण्याबाबत. संध्याकाळी सेक्रेटरीबाईंनी पुढच्या मीटिंगचे विषय ग्रुपवर टाकले. पार्किंग, पाण्याचा पंप, आणि शेवटी ‘पायपुसणे – लेले मॅडम’. त्यावर चर्चा पेटली. कॉरिडॉरमध्ये पायपुसणी ठेवायला बंदीच करा. माझं काथ्याचं पायपुसणं दिवाळीत चोरीला गेलं. सगळ्यांनी एकाच रंगाची घेऊ, घाऊक भावात पडतील. चेअरमननी अंगठा दाखवला. मी दुरुस्ती टाकली, चित्रातले पाय, हर्षालीचे. मग चेअरमनचंच उत्तर आलं. ‘मॅडम, राहू द्या की. छान दिसतात. फारच वाटत असेल तर जनरल बॉडीत मांडा.’

आज सकाळी हिराताई आणि मी पोडियमवर गेलो. तिच्याकडे थिनरचा डबा आणि तारेची घासणी होती, माझ्याकडे तुमच्या बाबाच्या जुन्या बनियनच्या चिंध्या. आयुष्यात मी सार्वजनिक मालमत्तेला पहिल्यांदाच हात लावत होते, म्हणून आधी खाली वर्तमानपत्र अंथरलं. बुटांपासून सुरुवात केली. पांढरा रंग लवकर निघतो. हिराताई घासत होती, मी पुसत होते. पोटऱ्यांना वेळ लागला.

बी विंगमधल्या त्या बाई परडी घेऊन आल्या. जास्वंदीपाशी थांबल्या, आमच्याकडे बघितलं, आणि हळुवार आवाजात म्हणाल्या, “अगंबाई, हे काय करताय हो?”

“पाय पुसतोय,” मी म्हटलं.

तोवर आम्ही गुडघ्यांच्या वर पोहोचलो होतो.